पडद्यावरचें गंधर्वनगर

आपल्या प्राचीन ग्रंथकारांना एक नगर फार प्रिय होतें. त्याचें नांव गंधर्वनगर. तें कोणत्याहि नकाशांत सांपडत नाहीं. सूर्य मावळतीला लागला म्हणजे ढगांच्या राशी एकमेकींवर चढतात आणि त्यांत पाहणाऱ्याला वाडे, मनोरे, तटबंदी दिसूं लागते. घटकाभरानें तें सारें विरून जातें. जें दिसतें परंतु असत नाहीं, त्याला दृष्टांत म्हणून वेदान्त्यांनीं आणि बौद्ध पंडितांनीं, दोघांनींहि, हेंच नांव घेतलें. रत्नागिरी शहराच्या दक्षिणेस काजळी नदीची खाडी ओलांडली कीं भाट्ये गांव लागतें. तेथील वाळूवर आश्विन महिन्यांत संध्याकाळीं जो कोणी उभा राहिला असेल, त्याला हा दृष्टांत समजावून सांगावा लागत नाहीं.

आज मला बोलावयाचें आहे तें मात्र ढगांनीं बांधलेल्या गंधर्वनगराविषयीं नव्हे, तर माणसांनीं बुद्धिपुरस्सर, मोजमाप करून बांधलेल्या गंधर्वनगराविषयीं. चित्रपटांत आपण कड्याच्या टोंकावर वसलेलें नगर पाहतों, आभाळांतून कोसळणारा धबधबा पाहतों, शेंकडों वर्षांपूर्वीं ढांसळलेला किल्ला अखंड उभा असलेला पाहतों. त्यांतील पुष्कळसा भाग पृथ्वीवर कोठेंहि नसतो. तो चितारलेला असतो. ह्या कलेला तिचे कारागीर मॅट पेंटिंग म्हणतात. मॅट म्हणजे येथें झांकण. छायाचित्राचा कांहीं भाग झांकावयाचा आणि त्या जागीं हातानें काढलेलें चित्र अशा बेतानें बसवावयाचें कीं जोड कोणाला दिसूं नये, असा तो सारा मामला आहे. पूर्वीं हें काम कांचेवर कुंचल्यानें होत असे. आज तें संगणकावर होतें. ही विद्या परदेशांतून आयती आपल्याकडे आली असा एक समज आहे. तो अर्धाच खरा आहे. तिचा दुसरा अर्धा भाग मराठी रंगभूमीच्या पडद्यांवर आणि कोल्हापूरच्या चित्रकारांच्या कारखान्यांत शोधावा लागतो. तो इतिहास थोडक्यांत सांगावा, आणि इतिहास शिकविण्यांत ज्याचें आयुष्य गेलें अशा एका शाळामास्तराला ह्या कलेपुढें जो प्रश्न पडतो तो आपणांपुढें ठेवावा, एवढाच ह्या भाषणाचा हेतु आहे.

आरंभीं एक गोष्ट लक्षांत ठेविली पाहिजे, ती ही कीं नाटकाला देखावा लागतोच असें नाहीं. आमच्या रत्नागिरीकडील नमन-खेळे घ्या, किंवा दक्षिणेकडे सावंतवाडी-वेंगुर्ल्याच्या बाजूचे दशावतार घ्या. दशावतारी खेळांत रंगभूमीवर एक बांकडें असतें. राजा त्यावर बसला कीं तें सिंहासन झालें. देव त्यावर उभा राहिला कीं तेंच कैलास झालें. अरण्य, सागर, रणांगण हें सगळें नट आपल्या बोलण्यानें सुचवितो आणि प्रेक्षक तें आपल्या मनांत उभें करतो. ह्या खेळांत चित्रकाराचें काम प्रेक्षकच करीत असतो म्हणावयास हरकत नाहीं. १८४३ सालीं सांगलीस विष्णुदास भावे यांनीं ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणिलें, तेव्हांहि देखाव्यांचा पसारा नव्हता.

पुढें मुंबईच्या पारशी नाटक मंडळ्यांनीं इंग्रजी थाटाचे रंगविलेले पडदे लोकांना दाखविले आणि मराठी मंडळ्यांनाहि त्यांची गोडी लागली. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’चा पहिला प्रयोग पुण्यास १८८० सालीं झाला. त्यानंतरच्या तीस-चाळीस वर्षांत पडदा ही नाटक मंडळीच्या संसारांतली एक मोलाची वस्तु होऊन बसली. प्रत्येक मंडळीजवळ रस्त्याचा पडदा, जंगलाचा पडदा, बागेचा पडदा, दरबाराचा पडदा असे ठरीव पडदे असत. रस्त्याचा पडदा पुढें टांगून त्यापुढें विनोदी प्रवेश चालावा, आणि तेवढ्या वेळांत त्याच्या मागें राजदरबार मांडून व्हावा, अशी त्यांत सोयहि होती.

हे पडदे करणें सोपें नव्हतें. मांजरपाटासारख्या कापडाच्या पट्ट्या शिवून मोठें अंग तयार करावयाचें. त्यावर सरस आणि खडूची पूड यांचा हात द्यावयाचा. मग सरसाच्या पाण्यांत कालविलेले कोरडे रंग चढवावयाचे. हे रंग ओले असतांना गडद दिसतात आणि वाळले म्हणजे फिके पडतात. म्हणजे चित्रकारानें आज जें दिसतें तें नव्हे, तर उद्यां जें दिसेल तें मनांत धरून कुंचला चालवावा लागे. शिवाय खेळ रात्रीं गॅसच्या पिंवळसर उजेडांत व्हावयाचा. त्या उजेडांत निळा रंग मरतो आणि तांबडा उठतो. आणि सर्वांत कठीण म्हणजे दूरत्वाचा भास. सपाट कापडावर पांचपन्नास खांबांची रांग दूर जाते आहे असें दाखविण्यासाठीं सर्व रेषा एका बिंदूकडे न्याव्या लागतात. परंतु तो बिंदु नाटकगृहांतील एकाच जागेवरून बरोबर दिसतो. बाजूच्या खुर्चीवरून पाहणाऱ्याला राजवाडा कललेला दिसे. वारा आला कीं त्या राजवाड्याचे खांब डुलत. परंतु त्याबद्दल कोणाची तक्रार नसे, कारण तो पडदा आहे हें सर्वांना ठाऊक असे. खोटें हें खोटें म्हणून उघडपणें समोर मांडलेलें होतें, आणि त्यांत गोडी घेण्याचा करार प्रेक्षकांनीं आपण होऊन केलेला होता.

ह्या पडद्यांचे चित्रकार कोण? दुर्दैवानें बहुतेकांचीं नांवें आपणांस अपरिचित आहेत. नटांचे फोटो राहिले, पदें राहिलीं, नाटकें छापून निघालीं. पडदे मात्र गांवोगांव गाडींतून हिंडले, घड्यांवर फाटले, आणि जुन्या चित्रावर नवें चित्र चढत गेलें. थोडीं नांवें राहिलीं त्यांत ललितकलादर्श मंडळीचे चित्रकार पु. श्री. काळे यांचें नांव आहे. त्यांनीं आपल्या आठवणी लिहून ठेविल्या म्हणून तो काळ आपणांस थोडाबहुत दिसतो. आणि दोन नांवें कोल्हापूरचीं आहेत: आनंदराव मेस्त्री आणि त्यांचे बंधु बाबुराव मेस्त्री. नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवितां रंगवितां ‘पेंटर’ हेंच त्यांचें आडनांव झालें. बाबुरावांचा जन्म १८९० सालचा. चित्रकलेच्या शाळेचें शिक्षण त्यांना मिळालें नव्हतें. घरांत सुतारकाम, कोरीव काम आणि मूर्तिकाम होतें, तींच त्यांची शाळा.

१९१३ सालीं दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईस झळकला. फाळके हे छायाचित्रण, छपाई आणि जादूचे प्रयोग ह्या तिन्ही विद्या जाणणारे. त्या तिन्ही त्यांनीं चित्रपटांत आणिल्या. कॅमेरा मध्येंच थांबवून माणूस नाहींसा करणें, एकाच फिल्मवर दोनदां छायाचित्र घेऊन देवतेला प्रकट करणें, हे प्रयोग त्यांनीं ‘लंकादहन’, ‘कालियामर्दन’ इत्यादि चित्रपटांतून करून दाखविले. फाळक्यांचें यश पाहून कोल्हापूरच्या दोघां बंधूंनीं चित्रपट काढण्याचा ध्यास घेतला. कॅमेरा विकत घेण्याची ऐपत नव्हती. तेव्हां तो स्वतःच बनवावयाचा असें ठरलें. १९१६ सालीं आनंदरावांना मृत्यूनें गांठलें. बाबुरावांनीं दामल्यांच्या मदतीनें तो कॅमेरा पुरा केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, आणि १९२० सालीं ‘सैरंध्री’ हा चित्रपट लोकांपुढें आणिला.

येथें एक मौजेची गोष्ट घडली. ज्यानें आयुष्याचीं उमेदीचीं वर्षें पडदे रंगविण्यांत घालविलीं, त्यानेंच चित्रपटांतून सपाट पडदा हद्दपार केला. नाटकगृहांतला प्रेक्षक दयाळू असतो. कॅमेऱ्याचा डोळा निर्दय असतो. कापडाची सुरकुती, शिवण, रंगाचा ओघळ त्याला तत्काळ दिसतो. म्हणून बाबुरावांनीं घडीव, भरीव देखावे उभारले. दार उघडतां येईल, भिंतीवर खरी सांवली पडेल, असे. त्यांच्या हाताखालीं तयार झालेले विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल यांनीं १९२९ सालीं व्ही. शांताराम, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह कोल्हापुरांत प्रभात फिल्म कंपनी स्थापिली. ‘अयोध्येचा राजा’, ‘अमृतमंथन’ ह्या चित्रपटांतील भव्य देखाव्यांमागें फत्तेलालांची नजर होती. दामले-फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ १९३६ सालचा. त्याच्या शेवटीं तुकाराम महाराजांना वैकुंठास नेणारें गरुडविमान आकाशांतून येतें. १९३७ सालीं व्हेनिसच्या महोत्सवांत ह्या चित्रपटाचा गौरव झाला. पडद्यावर आभाळ रंगवावयास शिकलेल्या माणसांनीं शेवटीं खऱ्या वाटणाऱ्या आभाळांतून विमान उतरविलें, हा प्रवास लहान नव्हे.

परंतु अर्धें छायाचित्र आणि अर्धें चित्र एकाच चौकटींत बेमालूम जोडण्याची जी युक्ति, ती अमेरिकेंत सिद्ध झाली. नॉर्मन डॉन नांवाच्या तरुणानें १९०७ सालीं कॅलिफोर्नियांतील जुन्या स्पॅनिश धर्ममठांची एक फिल्म काढली. हे मठ पडावयास आलेले होते. कोठें छप्पर नव्हतें, कोठें मनोरा ढांसळला होता. डॉननें कॅमेरा आणि इमारत यांच्यामध्यें एक मोठी कांच उभी केली. कांचेंतून खाली उरलेली भिंत दिसावी, आणि जेथें छप्पर नाहीं तेथें कांचेवर छप्पर रंगविलेलें असावें. कॅमेऱ्याच्या डोळ्याला भिंत आणि छप्पर एक झालें. पडका मठ पुन्हां उभा राहिला.

श्रोत्यांनीं हें ध्यानांत ठेवावें कीं ह्या कलेचा जन्म परीकथेच्या राज्यासाठीं झाला नाहीं. तो झाला एका पडक्या ऐतिहासिक वास्तूला पुरी करून दाखविण्यासाठीं. माझा प्रश्न ह्याच जागीं उगवतो. परंतु त्याकडे जाण्यापूर्वीं पुढची वाट पाहूं.

कांचेच्या युक्तींत एक अडचण होती. चित्रकाराला ऊन उतरण्यापूर्वीं, जागेवरच, घाईनें रंगवावें लागे. पुढें डॉननें तींत सुधारणा केली. कांचेचा तो भाग नुसता काळा करावयाचा, म्हणजे फिल्मचा तेवढा तुकडा कोरा राहतो. मग तीच फिल्म कारखान्यांत आणून, निवांतपणें काढलेलें चित्र त्या कोऱ्या तुकड्यावर उमटवावयाचें. एका फिल्मवर दोनदां छायाचित्र घेण्याची ही रीत फाळक्यांच्या प्रयोगांची सख्खी बहीण आहे. अट एकच: कॅमेरा केंसभरहि हलतां कामा नये. तो हलला कीं जोड उघडी पडली.

ह्या विद्येचा कळस पाहावयाचा तर १९४७ सालचा ‘ब्लॅक नार्सिसस’ हा इंग्रजी बोलपट पाहावा. त्याची कथा हिमालयाच्या कुशींतील एका मठाची आहे, परंतु चित्रण झालें इंग्लंडांत, पाइनवुड येथील कारखान्यांत. हजारों फूट खोल दऱ्या आणि बर्फाचीं शिखरें पर्सी डे आणि त्यांचे सहकारी यांनीं कांचेवर चितारलीं. तीं चित्रें जवळून पाहिलीं तर रंगाचे ठिपके आणि फराटे दिसावयाचे. बारकाव्याचा सोस त्यांत नसे. दूरचा डोंगर आपल्या डोळ्याला तरी कोठें बारकाव्यांनिशीं दिसतो? आणि काम झालें कीं कांच पुसून पुढच्या चित्राला घेत. आमच्या पडदेवाल्यांचें दैव आणि ह्या कांचवाल्यांचें दैव येथें सारखेंच निघालें.

ह्यानंतरचें मोठें स्थित्यंतर गेल्या चाळीस वर्षांतलें. १९८५ सालच्या ‘यंग शेरलॉक होम्स’ ह्या चित्रपटांत खिडकीच्या रंगीत कांचेंतला योद्धा जिवंत होऊन खालीं उतरतो. तो संगणकावर घडविलेला होता. १९९० सालीं ‘डाय हार्ड २’ ह्या चित्रपटाच्या अखेरच्या दृश्यांत बर्फानें झांकलेल्या विमानतळाचें चितारलेलें चित्र संगणकांत घेऊन तेथेंच खऱ्या माणसांच्या चित्रणाशीं जोडलें. त्याच वर्षीं टॉमस आणि जॉन नोल ह्या दोघां भावांनीं तयार केलेला फोटोशॉप हा कार्यक्रम बाजारांत आला. आतां चित्रकाराच्या हातीं कुंचल्याऐवजीं लेखणीसारखी कांडी आली, आणि कांचेऐवजीं एकावर एक रचलेले पारदर्शक थर आले: आभाळाचा एक थर, दूरच्या डोंगराचा दुसरा, नगराचा तिसरा, धुक्याचा चौथा. एक बिघडला तर तेवढाच बदलावा. पुढें तर संगणकांत डोंगराची, भिंतीची साधी घडीव आकृति करून तिच्यावर चित्राचा प्रकाश टाकण्याची रीत निघाली. त्यामुळें कॅमेरा हलूं नये ही जुनी अटहि सुटली. २०१५ सालच्या ‘बाहुबली’ ह्या तेलुगू चित्रपटांतील महाप्रचंड धबधबा आणि माहिष्मती नगरी आपल्यांपैकीं अनेकांनीं पाहिली असेल. ती ह्याच वाटेनें उभी राहिली.

साधनें बदललीं; परंतु रहस्य बदललें नाहीं. तें रहस्य समजण्यासाठीं आपण एक उदाहरण घेऊं. समजा, भाट्याच्या किनाऱ्यासमोर, समुद्रांत, एक कल्पनेचें नगर उभें करावयाचें आहे. काय काय करावें लागेल?

प्रथम किनाऱ्याचें खरें छायाचित्र घ्यावें, आणि कॅमेरा जमिनीपासून किती उंच होता, वेळ कोणती होती, सूर्य कोठें होता, हें टिपून ठेवावें. मग क्षितिज ठरवावें. वाळूवर उभ्या असलेल्या माणसाचा डोळा सुमारें पांच फूट उंच असतो, आणि त्याला समुद्राचें क्षितिज साडेचार किलोमीटरांवर दिसतें. आपलें नगर जर वीस किलोमीटरांवर आहे असें ठरविलें, तर पृथ्वीच्या गोलाईमुळें त्याच्या पायथ्याचा पंधरा-वीस मीटर भाग पाण्याआड गेलाच पाहिजे. धक्का, घाट, खालचीं घरें दिसतां कामा नयेत. नुसते मनोरे पाण्यांतून वर आलेले दिसावेत. हा हिशेब न करणाऱ्याचें नगर पाण्यावर तरंगतें. प्रेक्षकाला गणित येत नसेल, परंतु त्याचा डोळा चूक ओळखतो.

दुसरी गोष्ट उजेडाची. भाट्याचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. संध्याकाळीं सूर्य नगराच्या मागें असणार. म्हणून आपल्याकडची बाजू काळसर आणि फक्त कडा सोनेरी, असेंच तें दिसेल. नवशिका चित्रकार हौसेनें प्रत्येक खिडकी उजळून टाकतो आणि तेथेंच फसतो. नगराचें तोंड उजळलेलें दाखवावयाचें असेल तर सकाळची वेळ घ्यावी. तेव्हां सूर्य आपल्या पाठीमागच्या डोंगरावरून येतो.

तिसरी गोष्ट हवेची. जसजसें दूर जावें तसतशी वस्तु फिकट, निळसर आणि मऊ होत जाते. उत्तरेस मांडवीचा बंदर, त्यापलीकडे रत्नदुर्गाचें टेंकाड आणि त्यावरचा दीपस्तंभ, यांकडे भाट्याहून पाहिलें तर ही पायरी-पायरीनें येणारी फिकटाई स्पष्ट दिसते. जवळच्या सुरूच्या झाडांत जो काळा रंग आहे, तो वीस किलोमीटरांवर कोठेंहि असतां कामा नये. चौथी गोष्ट मापाची. नगर प्रचंड आहे हें नुसतें सांगून पटत नाहीं. राजिवड्याच्या कोळ्यांची एखादी होडी त्याच्यापुढें आली पाहिजे. माणसाला ठाऊक असलेली एक लहान वस्तु जवळ ठेविली म्हणजे मोठेपण आपोआप मोजलें जातें. पांचवी गोष्ट प्रतिबिंबाची. लाट मागें गेली कीं ओली वाळू आरशासारखी होते. आकाशांत मनोरा असेल तर वाळूंतहि त्याची छाया उतरली पाहिजे.

आणि शेवटीं दगडाचा प्रश्न. कल्पनेच्या नगरालाहि दगड कोठला, हें ठरवावें लागतें. कोंकणांत तो जांभा असावा, सच्छिद्र, तांबूस, पावसानें काळवंडलेला आणि वर शेवाळ आलेला. त्यासाठीं रत्नदुर्गाच्या तटाजवळ जाऊन छायाचित्रें घ्यावीं लागतील, आणि पावसाचें पाणी कोणत्या सांध्यांतून ओघळतें, कोणत्या कोपऱ्यांत रोपटें मूळ धरतें, हें पाहावें लागेल. मग छायाचित्र आणि चित्र यांची जोड सुरूच्या शेंड्यांआड लपवावी, किंवा जेथें लाट फुटते तेथें लपवावी. चार पक्षी उडवावेत, एखादी पताका हलवावी. झालें गंधर्वनगर!

श्रोतेहो, ह्यांत एकहि पायरी अशी नाहीं कीं जी खरें पाहिल्यावांचून चढतां येईल. कल्पनेचें नगर उभें राहतें तें भाट्याच्या खऱ्या उजेडावर, खऱ्या हवेवर आणि खऱ्या दगडावर. चांगली कल्पना ही सत्याची शत्रु नव्हे. ती सत्याची विद्यार्थिनी आहे. म्हणून ज्यांना ह्या कलेंत शिरावयाचें असेल अशा तरुणांना माझें सांगणें आहे कीं यंत्र शिकावें, परंतु त्याआधीं वर्षभर एकाच किनाऱ्यावर सकाळ-संध्याकाळ उभें राहून पाहावें.

आतां माझा प्रश्न. ज्याला परीकथा म्हणून पाहावयाचें, तें माहिष्मतीचें नगर मला मुळींच खटकत नाहीं. तें नव्हतें हें सर्वांना ठाऊक आहे. परंतु सिंहगडाचें काय? १९२३ सालीं बाबुराव पेंटरांनीं ‘सिंहगड’ हा मूकपट काढला. २०२० सालीं ओम राऊत यांनीं ‘तान्हाजी’ हा चित्रपट काढला. दोहोंत एकच गड आणि १६७० सालची तीच रात्र. दुसऱ्यांत मात्र संगणकाचें बळ दिमतीला होतें, आणि त्या बळानें गडाला जें रूप दिलें तें प्रत्यक्षाहून किती तरी उग्र व उंच आहे. सिंहगड समुद्रसपाटीपासून सुमारें १३१२ मीटर उंच आहे आणि त्याचे कडे मुळांतच भयंकर आहेत. तेथें रात्रीं दोर लावून चढणें म्हणजे काय, हें कड्याखालीं उभें राहिल्यानेंहि कळतें. पण मुलांच्या मनांत जो गड बसतो तो चित्रपटांतला.

मीं शाळेंतल्या मुलांना रत्नदुर्गावर नेत असें. तीन बाजूंस समुद्र, घोड्याच्या नालासारखा तट, भगवतीचें देऊळ, असें सर्व दाखवून झालें कीं एखादा मुलगा हमखास विचारी, “गुरुजी, एवढाच का किल्ला?” त्याचा दोष नव्हता. त्यानें पडद्यावर जे किल्ले पाहिले होते, त्यांच्या मानानें हा त्याला थिटा वाटला. खरा तट त्याच्या हाताखालीं होता, ऊन खाऊन तापलेला; आणि त्याला तो कमी वाटत होता! मला प्रश्न पडतो तो हा: पडका मठ पुरा करून दाखविण्यासाठीं जी कला जन्मली, तिनेंच खऱ्या वास्तूला आपल्या मुलांच्या डोळ्यांत पडकी ठरवावी काय?

ह्यावर कलावंताला बंदी घालणें हा उपाय नव्हे. जोड लपविणें हें त्याचें कामच आहे. ती दिसली तर त्याची कला फसली. उपाय पाहणाऱ्याच्या बाजूनें केला पाहिजे. इतिहासकारहि पडकें पुरें करीतच असतो. चार ओळींचें पत्र, अर्धा शिलालेख, एक बुरूज, एवढ्यावरून तो काळ उभा करतो. परंतु त्याचा धर्म कलावंताच्या उलट आहे. त्यानें जोड दाखविली पाहिजे. एवढें सांपडलें, येथून पुढें माझा तर्क, असें त्यानें म्हटलें पाहिजे. १९६४ सालीं व्हेनिस येथें जगांतील वास्तुरक्षकांनीं जी सनद केली, तींत हेंच तत्त्व आहे: जुन्या इमारतीचा हरवलेला भाग नव्यानें भरतांना तो एकंदर इमारतीशीं विजोड दिसूं नये, पण नवा आहे हें ओळखूं आलें पाहिजे.

आपल्या जुन्या नाटकाच्या प्रेक्षकाजवळ हें शहाणपण होतें. खांब डुलत असतां तो दरबारांत रमत असे, आणि घरीं जातांना तो पडदा होता हेंहि विसरत नसे. आजचा पडदा डुलत नाहीं. म्हणून आपणच थोडें जागें राहिलें पाहिजे. चित्रपट पाहतांना मुलांना गप्प बसवूं नये, परंतु घरीं आल्यावर जरूर विचारावें: ह्यांतला खरा भाग कोणता, चितारलेला कोणता, आणि जोड कोठें असावी? मुलांना ह्या शोधांत फार मौज वाटते, आणि चित्रपटाची गोडी त्यानें कमी होत नाहीं. उलट चित्रकाराच्या कसबाचें कौतुक वाढतें. ज्या कारागिरांचीं नांवें शेवटच्या पाटीवर धांवत निघून जातात, त्यांच्याकडे त्यानिमित्तानें लक्ष तरी जातें.

रत्नदुर्गावर “एवढाच का?” असें विचारणाऱ्या मुलांना मी एक काम देत असें. तट जेवढा उभा आहे तेवढा सरळ रेघेनें काढा, आणि जेथें पडला आहे तेथें तो कसा असेल तें मनानें ठरवून तुटक रेघेनें काढा. कोणी बुरूज उंच करी, कोणी त्यावर चौकी बांधी; एकानें तर हत्ती चढविला. मीं कोणाचा हात धरला नाहीं. एवढाच दंडक होता कीं तुटक रेघ ही तुटकच राहिली पाहिजे. सुटीच्या दिवशीं आपल्या घरांतील मुलांना जवळच्या एखाद्या किल्ल्यावर न्यावें, आणि बरोबर एक वही व एक शिसपेन्सिल असूं द्यावी.